भरीव खोली

१

निपाणीत शिंकेला कोण विचारत नाही. दुसऱ्या गावात माणूस उंबऱ्यावर असताना कुणी शिंकलं की तो चप्पल काढून परत आत येतो, घोटभर पाणी पितो, मग निघतो. आमच्याकडं हा नियम पाळला असता तर एकाची वरात निघाली नसती. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू साठवलेलं गाव हे. ती भिंतीत मुरलीय, कौलांत मुरलीय, कपाटातल्या साड्यांत मुरलीय. शिंका येणारच.

आमच्या घरात मात्र एक रीत होती. कुणी शिंकलं की ऐकणाऱ्यानं "शंभर वरसं" म्हणायचं. आईनं लावलेली सवय. ती भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणायची, आणि आम्हा पोरांना तेवढ्यानं बरं वाटायचं. आई गेली, पण माझ्या तोंडातनं ते अजून आपोआप निघतं. बसमध्ये परक्याला म्हणते. एकदा बँकेत मॅनेजर शिंकला, मी म्हणलं, तर तो बिचारा उठून नमस्कार करायला लागला.

मी निशा. आमची तंबाखूची वखार होती. धंदा बसला तेव्हा सगळे म्हणाले, मंगल कार्यालय कर. मी तिथं चित्रांची, शिल्पांची प्रदर्शनं लावायला लागले. गाव हसलं. हसू दे. रोज सकाळी मी स्वतः दारं उघडते, झाडून घेते, झाडताना पोटभर शिंकते आणि स्वतःलाच शंभर वरसं देऊन चहाला बसते.

अभिनंदन माझा धाकटा भाऊ. आर्किटेक्ट. बेळगावात टिळकवाडीला ऑफिस होतं, चांगलं चाललेलं. आई गेली आणि हा निपाणीला येऊन मागच्या खोलीत आडवा झाला, तो वर्षभर उठला नाही. दाढी नाही, आंघोळ नाही. त्याची बायको ब्राह्मी कंटाळून चिकोडीला माहेरी गेली. मी दाराशी ताट ठेवायची आणि तोंडभर शिव्या घालायची, कारण आत जाऊन त्याला तसा बघायची माझी छाती नव्हती. आईनं जाताना माझा हात धरून एकच सांगितलेलं, "निशा, अभ्याला जप."

त्याची शिंक गल्लीत ओळखीची होती. आधी एक मोठी, पितळी भांडं पडावं तशी, आणि मागनं एक बारीक, मांजराच्या पिलाची. वर्षभर त्या बंद दारामागनं तो जिवंत असल्याची खूण मला तेवढीच यायची. शिंक आली की मी बाहेरनं म्हणायची, "शंभर वरसं, मेल्या," आणि कामाला लागायची.

२

त्याला उठवलं दीपंकरनं. कॉलेजातला दोस्त. त्याचे वडील सिद्राम गवंडी, आमच्या वखारीची मागची भिंत त्यांच्याच हातची. पोरगा शिल्पकार झाला, बेळगावात कॅम्पात त्याचा स्टुडिओ आहे. सिमेंट आणि लोखंडाचे त्रिकोण, चौकोन, एकावर एक तिरके ठोकळे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "पुलाचं काम अर्धवट राहिलंय व्हय रं?" तो पोट धरून हसला होता.

"आक्का, ह्याला मी उठवतो," तो म्हणाला. "दोघांचं मिळून प्रदर्शन लावू तुमच्या वखारीत. माझी शिल्पं, ह्याचे नकाशे."

आणि अभिनंदन उठला. लाकडी फळ्यांवर घरांचे नकाशे काढायला लागला. जिने, कमानी, एकात एक खोल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडले. खोटं कशाला बोलू?

एक काम मात्र दोघांनी मिळून करायचं ठरवलं. अभिनंदननं नकाशा काढला तो त्या मागच्या खोलीचाच, जिथं तो वर्षभर पडून होता. फक्त लहान केलेला, एक माणूस उभा राहील एवढा. दीपंकर त्याचं काँक्रीट ओतणार होता.

"रिकामी खोली भरून टाकायची, आक्का," दीपंकरनं मला समजावलं. "भिंती न्हायत, छत न्हाय. आतली जी जागा असती न्हवं, तिचाच ठोकळा. भरीव."

"आणि दार कुठंय?" मी नकाशा बघून विचारलं.

"दार कशाला?" अभिनंदन म्हणाला. "मी कुठं वापरलं वर्षभर?"

ठोकळा एवढा जड होणार होता की तो वखारीतच ओतायचा ठरला. साच्यासारखं पत्र्याचं शटरिंग उभं केलं. ओतायच्या आधी अभिनंदन त्याच्या आत हात पसरून उभा राहिला आणि दीपंकरनं सुतळीनं त्याचं माप घेतलं, डोकं, खांदे, बोटांची टोकं. दोघं पोरांसारखे खिदळत होते. मग दीपंकर बाहेर मिक्सरकडं गेला, गडी घमेली वाहायला लागले, आणि अभिनंदन वर फळीवर बसून बघत राहिला.

दुपारी मी जेवायला हाक मारली. उत्तर नाही. परत मारली, तर वखारीतनं त्याची शिंक आली, मोठी आणि मागनं बारीक.

"शंभर वरसं! ये आता, आमटी निवली."

तो बऱ्याच वेळानं आला, परसातल्या दारानं. केस ओले, अंग घासून घासून लाल. "आंघोळ केलीस?" मी विचारलं. "सिमेंट उडालतं, आक्का," तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा न सांगता आंघोळ केलेली. मला एवढा आनंद झाला की भातावर दुप्पट तूप वाढलं.

शटरिंग काढल्यावर दीपंकरनं ठोकळ्याला पोती गुंडाळली आणि मला सांगितलं, रोज पाणी मारा, जेवढं पाणी पिईल तेवढं घट्ट हुतंय. मी मारलं. एक दिवस चुकवला नाही.

३

उद्घाटन सकाळचं ठेवलं. बोर्ड कन्नड आणि मराठी दोन्हीत लावला, उगंच कटकट नको. बेळगावचे एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे होते. कोल्हापूरचे, संकेश्वरचे लोक आलते. वखारीच्या बंद दाराला फीत, किल्ली माझ्या कमरेला, आत चिटपाखरू नाही. अभिनंदन माझ्या शेजारी कात्रीचं तबक धरून उभा. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. बघून डोळे निवले माझे.

प्राध्यापकांनी कात्री उचलली आणि आतनं शिंक आली. मोठी. मागनं बारीक.

"शंभर वरसं," मी म्हणलं. म्हणून झाल्यावर मला कळलं की मी बंद दाराला म्हणलं.

प्राध्यापकांचा हात थांबला. "आत कोणी आहे का?"

"कोण न्हाय सर. जुनी वखार हाय, आवाज घुमतोय. बाहेरचंच कोणतरी शिंकलं असंल."

"तरी पण शिंक झाली. दोन मिनिटं थांबू या का?" ते जरा ओशाळून म्हणाले.

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं. "सर, निपाणीत शिंक धरून बसलात तर दिवाळी हितंच करावी लागंल तुमाला. कापा!"

त्यांनी कापली.

दार उघडताना मी अभिनंदनच्या कानाशी विचारलं, "तू शिंकलास व्हय रं?" तो म्हणाला, "न्हाय आक्का." मलाही ते माहीत होतं. माझी नजर त्याच्याच तोंडावर होती.

आत गेल्या गेल्या जो तो शिंकायला लागला. प्राध्यापक शिंकले, फोटोग्राफर शिंकला, कोल्हापूरच्या बायका पदर नाकाला लावून नकाशे बघत होत्या. दीपंकरच्या त्रिकोणांच्या सावल्या अभिनंदनच्या कमानींवर पडलेल्या, आणि मधोमध ती खोली, करडी, गुळगुळीत, माणसापेक्षा वीतभर उंच. लोक तिच्याभोवती फिरून दार शोधत होते. अभिनंदन तिला पाठ लावून उभा राहून सगळ्यांना गोड बोलून समजावत होता. सगळी वखार शिंकत होती, तो सोडून. मी मनाशी म्हणलं, बरं झालं, नाक सुधारलं.

४

पुढचे दिवस दृष्ट लागावी असे गेले. अभिनंदन पहाटे उठायचा, आधी आंघोळ, मग देवदर्शन, दिवस बुडायच्या आत जेवण. कधी आवाज चढवला नाही की कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही. लोंढ्याकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं खोली विकत घेतली. बागेत मांडणार म्हणाला. शेजारच्या मालुबाई म्हणाल्या, "निशाताई, भावाला कुठलं औषद दिलासा? आमच्या पोराला बी द्या की." माझी मान ताठ झाली होती, आता का नाकारू?

पण त्याच्याबरोबर एका ताटाशी बसायची ती मी होते. तो भाकरी मोडायचा त्याचे तुकडे चौकोनी व्हायचे. सगळे सारखे. भाकरी कधी चौकोनी मोडती का? बसला की गुडघे गवंड्याचा गुण्या लावल्यासारखे काटकोनात. सकाळी त्याचं अंथरूण काढायला जावं तर चादरीला सुरकुती नाही, उशीला खळगा नाही. मला "आक्का" म्हणायचा ते नेहमी एकाच सुरात.

आणि दुपारी, बघायला येणारं कुणी नसलं की, खोलीकडनं खाकरल्याचा आवाज यायचा. जेवणानंतर खाकरायची सवय अभिनंदनची. मी म्हणलं, सिमेंट वाळतंय, तडकतंय. मग म्हणलं, कौलात कबुतरं आहेत. कबुतरं शिंकतात का, असं मी मोबाईलवर शोधून बघितलं. माणूस स्वतःला किती फसवतो, बघा.

शेवटी एका दुपारी मी अण्णांची जुनी तपकिरीची डबी काढली. आमच्या वडिलांची तपकीर म्हणजे रेड्याला शिंक आणील अशी. वखार रिकामी होती. अभिनंदन खोलीपुढं स्टुलावर बसलेला.

"अभ्या, बघ रं, अण्णांची डबी सापडली," म्हणत मी चिमूटभर थेट त्याच्या नाकाशी धरली.

त्यानं ती निवांत ओढून घेतली. मोगरा हुंगावा तशी. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही.

त्याच्या मागं खोली शिंकली. मोठी शिंक, मागनं बारीक. मग परत. मग परत, दम लागेपर्यंत, आणि प्रत्येक वेळी ती बारीक शिंक जास्त जास्त कण्हल्यासारखी. माझ्या जिभेवर ते दोन शब्द आलते. मी तोंडावर हात दाबला.

अभिनंदननं खिशातनं रुमाल काढून कोरडं नाक व्यवस्थित पुसलं. रुमालाची चौकोनी घडी घातली.

"आक्का, हे परत करू नको," तो म्हणाला. "त्याला तरास हुतोय."

५

दुसऱ्या दिवशी दीपंकर ड्रिल मशीन घेऊन आला. खोली लोंढ्याला न्यायची, तर क्रेनसाठी हूक बसवायला भोकं पाडायची होती. मी त्याला दारातच अडवून सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याच्या तोंडावर माझी कीव दिसायला लागली.

"आक्का, तुमी लई दमलाय. आमच्या घरात शकुन-अपशकुन वडलांनी कवाच सोडलंय. मी स्वतः ओतलाय तो ठोकळा. खडी, वाळू, सिमेंट, सळ्या. दुसरं काय न्हाय त्यात."

"मग भोक पाड आणि दाखव मला."

"दाखवतो," तो म्हणाला.

मशीन सुरू झालं. करडी पूड भुरभुर पडायला लागली. अभिनंदन कोपऱ्यात थापीनं घमेल्यात सिमेंट कालवत होता, कशाला ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. एकाएकी मशीनचा आवाज बदलला. दीपंकर पुढं झोकांडला, जसं भाकरीच्या पिठात बोट जावं तसं ते आत गेलं. त्यानं घाईनं मागं ओढलं. टोक ओलं होतं. त्यानं ते अंगठ्यानं पुसलं, अंगठा बघितला आणि पँटीला पुसून टाकला.

"पाणी मुरलं असंल," तो म्हणाला.

मी त्याला ढकलून पुढं झाले. भोकातनं कोमट वारा येत होता, तंबाखूचा आणि झोपेतल्या तोंडाचा वास असलेला. यायचा, थांबायचा, परत आत जायचा. मी डोळा लावला. आत काळोख होता. मग तो काळोख मिटला. आणि उघडला.

मागनं तोच एकसुरी आवाज आला, "आक्का, बाजूला हो."

त्यानं मला खांद्याला धरून बाजूला सारलं. हात होता का खडीचं पोतं, देव जाणे, एवढा जड आणि गार. थापीवरचं सिमेंट त्यानं त्या भोकात दाबलं, अंगठ्यानं सारखं केलं, कडा पुसल्या. सिमेंटला आतनं एक फुगा आला, परत एक आला. त्यानं दोन्ही दाबून बसवले. "आता बरोबर झालं," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दीपंकर बाहेर उन्हात खाली बसला होता. मी त्याची गचांडी धरली. "फोड ते! घन आण, गडी आण, आत्ताच्या आत्ता फोड! माझा अभ्या हाय त्यात!"

"कसं फोडू, आक्का?" तो रडत होता. "मी आत पोकळी सोडलेली न्हाय. बोटभर बी न्हाय. आत कोण असंल, तर काँक्रीट त्याच्या अंगाला, नाकाला, पापण्यांना लागून हाय. घन घातला तर आधी कोण फुटंल, सांगा की!"

मी गचांडी सोडली. तो ड्रिल मशीन तिथंच टाकून गाडीत बसला. त्यानंतर त्यानं माझा फोन कधी उचलला नाही. क्रेनवाल्यांनी हूक न लावता पट्ट्यांनी बांधूनच खोली उचलली, आणि अभिनंदननं ट्रकच्या मागं उभं राहून हात हलवला.

६

ब्राह्मी परत आली. तिला हाच बरा वाटतो. "आक्का, आता किती शांत झालेत हे," ती म्हणते. टिळकवाडीचं ऑफिस पुन्हा उघडलंय. गावात जो तो म्हणतो, निशानं आईचा शब्द पाळला, भावाला जपलं. देवळात बायका माझ्या पाया पडतात. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

शेवटी मला राहवलं नाही. बेळगावला दवाखान्यात जाते सांगून मी घर सोडलं आणि लोंढ्याला गेले. जीव घ्यायला नाही, सोडवायलाही नाही. मला फक्त कळायला हवं होतं. असला तरी वाईट, नसला तरी वाईट, पण कळायला हवं. वर्षभर त्या बंद दाराबाहेर बसून मी हेच तर करत होते.

रिसॉर्टच्या बागेत खोली मधोमध मांडलेली. खालनं ओटा बांधून पक्की केलेली. भोवती गुलाब. गोव्याला निघालेली पोरं तिला टेकून फोटो काढत होती. तिथला मॅनेजर म्हणाला, "मॅडम, गेस्टना हा कोपरा लई आवडतो. हितं शांत वाटतं म्हणतात." वाटणारच. लोंढ्याला कुठली आलीय तंबाखू? जंगलाची स्वच्छ हवा. शिंकायला कारणच नाही.

पोरं गेली. मी बुजवलेलं भोक शोधलं. नवं सिमेंट आकसून त्याच्याभोवती केसाएवढी भेग पडली होती. मी पर्समधनं अण्णांची डबी काढली, चिमूटभर तपकीर त्या भेगेवर धरली आणि फुंकर मारली.

काही नाही. पाखरं ओरडत होती, लांब रेल्वेचा भोंगा झाला. मी गार सिमेंटला कान लावला. काही नाही. सुटला माझा भाऊ, मी मनाशी म्हणलं. मी हात जोडले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.

तेवढ्यात शिंक आली. मोठी, पितळी भांड्यासारखी. मागनं बारीक.

"शंभर वरसं," मी म्हणलं.

तोंडातनं निघून गेलं. आईनं लावलेली सवय, मान वर न करता, जसं त्या दुपारी आमटी निवत होती तेव्हा म्हणलं तसं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण शब्द गेले ते गेले, त्या ठोकळ्यात अजून शंभर वरसं.

आत सगळं थांबलं. शिंकेनंतरचा श्वाससुद्धा थांबला. त्यानं ऐकलं होतं. मग भेगेतनं, दार लावून घेतलेल्या पोरासारखं, आत कुणीतरी हळूहळू रडायला लागलं.